गोष्ट कळली, चित्रपट कुठे आहे?

‘द क्रो’ या चित्रपटावरील विभागासाठी आलेले बहुतेक लेख आम्ही परत पाठवले आहेत. काही लेखक नाराज झाले, एक-दोघांनी फोनवर जाब विचारला. म्हणून कारण इथेच उघडपणे सांगतो.

तालुक्याच्या गावी फिल्म सोसायटी चालवणाऱ्या एका वर्गणीदारांचे पत्र मध्यंतरी आले. तुमच्या परीक्षणातून गोष्ट कळते, पण खेळ संपल्यावर सभासदांपुढे बोलायला काही हाती लागत नाही, अशी त्यांची तक्रार होती. ती शंभर टक्के रास्त आहे, आणि परत गेलेले लेख हा तिचा पुरावा आहे.

सगळ्यांचा साचा एकच. आधी नायक ब्रँडन लीचा चित्रीकरणादरम्यानचा मृत्यू: ३१ मार्च १९९३, नॉर्थ कॅरोलिनातले विल्मिंग्टन, पिस्तुलाच्या नळीत अडकून राहिलेले नकली काडतुसाचे टोक, वय अवघे २८. मग वडील ब्रूस ली आणि घराण्याचा शाप. मग दोन परिच्छेद कथानक. मग ‘छायाचित्रण उत्तम, पार्श्वसंगीत साजेसे’. शेवटी निकाल: शैली आहे, आशय नाही. दिग्दर्शक अॅलेक्स प्रोयस यांचे नाव निदान सर्वत्र आहे. छायालेखक दारियुश वोल्स्की आणि प्रॉडक्शन डिझायनर अॅलेक्स मॅकडॉवेल यांचा मात्र पत्ता नाही. श्रेयनामावली सुरू होताच खुर्ची सोडणाऱ्याने समीक्षकाची लेखणी हातात घेऊ नये.

मृत्यूबद्दल लिहू नका, असे आमचे म्हणणे नाही. तो पडद्यावर जिथे आहे, तिथे लिहा. थडग्यातून उठलेला एरिक (ही लीची भूमिका) आपल्या उद्ध्वस्त घरात पहिल्यांदा पाऊल टाकतो, तो शॉट घ्या. तो ली गेल्यानंतर तयार झाला. गल्लीतून चालताना आधी टिपलेली त्याची आकृती उचलून दाराच्या चौकटीत संगणकावर बसवली आहे. अन्यत्र चॅड स्टाहेल्स्की हा स्टंट डबल त्याच्या जागी उभा राहिला. पुढे ‘जॉन विक’ दिग्दर्शित केला तो हाच. पाऊस, काळोख, रंगवलेला चेहरा हे सगळे शैली म्हणून आधीच ठरलेले होते. त्याच काळोखाने आणि त्याच रंगाने लीची उणीव झाकली आणि चित्रपट पुरा होऊ शकला. मेलेला माणूस दारात उभा राहतो, हे त्या शॉटमध्ये केवळ कथेपुरते खरे नाही. हे पाहिले असते, तर लीवरचा तो पहिला परिच्छेद मृत्युलेख झाला नसता, समीक्षा झाली असती.

आता ‘आशय नाही’बद्दल. चित्रपटातला वर्तमानकाळ जवळजवळ कृष्णधवल आहे, मूळ कॉमिकचे कर्ते जेम्स ओबार यांच्या शाईच्या रेखाटनांना जवळचा. एरिकच्या मृत प्रेयसीच्या, शेलीच्या, आठवणी मात्र उबदार रंगात येतात आणि डोळा स्थिरावण्याआधीच जातात. ओबार यांची वाग्दत्त वधू मद्यधुंद चालकामुळे प्राणाला मुकली आणि त्या दुःखातून त्यांनी हे कॉमिक काढायला घेतले. १९८९मध्ये ते प्रसिद्ध होऊ लागले. एवढे ठाऊक असताना रंगाच्या या वाटणीला कोणी सजावट कसे म्हणू शकतो? गहाणवटीच्या दुकानात एरिक शेलीची अंगठी शोधतो आणि मग उरलेल्या अंगठ्या बंदुकीच्या नळीत ओततो. त्या कोणाकोणाच्या बोटांतल्या असतील, हा प्रश्न मागे उरतो. कथानक सरळ आहे, एकामागून एक खलनायक मरतात, हे मान्य. तेवढ्यावर निकाल देणाऱ्याने कान उघडे आणि डोळे मिटून चित्रपट पाहिला असे समजावे लागेल.

पिंडाला शिवणाऱ्या कावळ्याचा दाखलाही बऱ्याच जणांनी दिला. मराठी माणसाला तो सुचणारच, आणि तो योग्यही आहे: आपल्याकडे इच्छा अपुरी राहिली की कावळा शिवत नाही, इथे कावळाच ती पुरी करायला मृताला परत आणतो. पण दाखल्यावर थांबू नका. कॅमेरा कावळ्याच्या नजरेने छपरांवरून झेपावतो, ते शहर, म्हणजे कथेतले डेट्रॉइट, मिनिएचरमध्ये उभारलेले आहे. त्याखाली खरे डेट्रॉइट आहे, जिथे ऐंशीच्या दशकात ३० ऑक्टोबरच्या रात्री शेकडो आगी लावल्या जात. तिथपर्यंत एकही लेख पोचला नाही.

अमेरिकन समीक्षक रॉजर ईबर्ट यांनीही १९९४ साली तारे मोजलेच होते. साडेतीन दिले. पण त्यांनी पडद्यावरच्या शहराबद्दल भरभरून लिहिले आणि चित्रपट म्हणून ही कामगिरी ब्रूस लीच्या कोणत्याही चित्रपटाहून सरस आहे, असे ठाम विधान केले. ते मला पूर्ण पटत नाही, पण त्याच्याशी भांडता येते. ‘साजेसे पार्श्वसंगीत’शी काय भांडणार? ग्रेम रेव्हेल यांचे पार्श्वसंगीत कुठे थांबते आणि द क्युअर या बँडचे गाणे कुठे सुरू होते, हे तरी सांगा.

रूपर्ट सँडर्स यांच्या २०२४च्या आवृत्तीवर जगभर टीका झाली. आमच्या लेखकांनी तीच री ओढली: जुना चांगला, नवा वाईट. जुन्यात प्रेम निसटत्या तुकड्यांत येते, नव्यात पूर्वार्धाचा मोठा भाग त्यालाच दिला आहे. मग दुःख वाढायच्या ऐवजी पातळ का होते? उत्तर संकलनात आहे. दोन्ही चित्रपट शेजारी ठेवा आणि शोधा.

दैनिकांत लिहिणाऱ्यांची अडचण मी जाणतो. जागा कमी पडली की पहिली कात्री तंत्रज्ञांच्या परिच्छेदाला लागते. उपसंपादकांना तसे करू देऊ नका. तंत्रज्ञांची नावे पहिल्या दोन वाक्यांत घाला आणि कथानक शेवटी टाका, म्हणजे कापायचे तर तेच कापले जाईल.

मित्रहो, परत गेलेले लेख पुन्हा लिहा, आम्हाला ते हवे आहेत. चित्रपट अंधाऱ्या खोलीत, मोठ्या पडद्यावर, चांगल्या आवाजात पुन्हा पाहा. गावातल्या सोसायटीकडे प्रोजेक्टर असेल तर तिथे जा आणि सभासदांनाही बसवा. कोणताही एक प्रसंग निवडा. प्रकाश कुठून येतो, कट कुठे पडतो, पावसाचा आवाज कधी बंद होतो ते टिपा. कथानकाला पाच ओळी पुरेत. तारे नकोत. लेख पुढील महिन्याच्या दहा तारखेपर्यंत आमच्या हाती यावेत.