नवशिक्याच्या कॅमेऱ्यातून काय काढून घेतलं

जून लागला, कॉलेजांचे प्रवेश सुरू झाले, की या सदराच्या टपालात एक प्रश्न हटकून येतो. मुलगा किंवा मुलगी मास कम्युनिकेशनला, नाहीतर अप्लाइड आर्टला गेलेली असते. घरात काकांचा किंवा मामांचा निकॉन डी३१०० कपाटात पडून असतो. कॉलेजातले सीनियर सांगतात, हा जुना झाला, सेकंडहँड का होईना पण डी३५०० घे. मग आई-वडील विचारतात, खरंच घ्यायला हवा का?

प्रश्न साधा वाटतो, पण त्यात घरचे पैसे अडकलेले असतात, म्हणून यंदा पूर्ण लेख त्यालाच देतो. माझं मत आधीच सांगतो. बहुतेक विद्यार्थ्यांनी जुनी बॉडी ठेवावी आणि पैसे लेन्समध्ये घालावेत. बॉडी बदलायचीच असेल तर सगळ्यात नवं मॉडेल हेच सगळ्यात चांगलं, असं धरून चालू नये. निदान या मालिकेत तरी तसं झालेलं नाही.

डी३१०० आला ऑगस्ट २०१० मध्ये आणि डी३५०० ऑगस्ट २०१८ मध्ये. मधल्या आठ वर्षांत २०१२ चा डी३२००, २०१४ चा डी३३०० आणि २०१६ चा डी३४०० येऊन गेले. पाचही कॅमेरे एकाच घरातले, कंपनीच्या सगळ्यात खालच्या पायरीवरचे, पहिल्यांदा डीएसएलआर हातात घेणाऱ्यासाठी बनवलेले.

दुकानात पहिला आकडा सांगतात तो मेगापिक्सेलचा. जुन्यात १४.२, नव्यात २४.२. ऐकायला फरक मोठा आहे. पण जुन्या कॅमेऱ्याचा फोटो ४६०८ पिक्सेल रुंद असतो आणि नव्याचा ६०००, म्हणजे रुंदीत वाढ साधारण तीस टक्क्यांची. आपल्याकडे लग्नाच्या अल्बमचं एक पान बहुधा १२ बाय १८ इंचांचं असतं. त्या पानावर डी३१०० चा फोटो पसरला तरी इंचाला २५६ पिक्सेल मिळतात. हातात अल्बम घेऊन पाहणाऱ्याला ते पुरेसे आहेत. फोटो बराच कापून वापरायचा असेल, दूरचा पक्षी मोठा करून दाखवायचा असेल, तर जास्तीचे पिक्सेल उपयोगी पडतात. शिकणाऱ्याला मात्र माझा सल्ला असा की चौकट कॅमेऱ्यातच नीट लावायची सवय आधी करावी.

मागच्या स्क्रीनबाबत नवा कॅमेरा निःसंशय सरस आहे. डी३१०० च्या तीन इंची स्क्रीनवर २ लाख ३० हजार ठिपके, डी३५०० वर ९ लाख २१ हजार. जुन्या स्क्रीनवर प्रत्येक फोटो शार्प दिसतो आणि फोकस हलला होता हे घरी कॉम्प्युटरवर कळतं. यावर उपाय एकच, काढलेला फोटो तिथल्या तिथे पूर्ण मोठा करून डोळे तपासायचे.

खरा फरक आहे तो कमी उजेडात. तो नीट पाहायचा म्हणून दोन्ही कॅमेरे घेऊन एका गावातल्या देवळात कीर्तनाला बसलो होतो. सभामंडपात ट्यूबलाइट, गाभाऱ्याशी एक पिवळा बल्ब, बाकी अंधार. बुवा पांढऱ्या फेट्यात, अंगात काळा कोट, हातात चिपळ्या, मागे टाळकरी आणि मृदंगवाला. फोटोग्राफरची परीक्षा पाहणारं दृश्य. पांढरा फेटा जळता कामा नये, काळ्या कोटाचा डाग होता कामा नये आणि हात एका जागी क्षणभर थांबत नाही.

डी३१०० वर जुनी १८-५५ ची किट लेन्स होती. ३५ मिलिमीटरला तिचं अपर्चर ४.५ च्या पुढे उघडत नाही. आयएसओ ३२०० वर, म्हणजे या कॅमेऱ्याच्या नेहमीच्या मर्यादेच्या टोकाला नेऊनही शटर मिळालं १/६० सेकंदाचं. बुवांचा चेहरा आला, चिपळ्या मात्र पुसून गेल्या. कोटाच्या काळ्या भागात जांभळे-हिरवे ठिपके उतरले. त्याच जागेवरून डी३५०० आणि त्याच्या किट लेन्सनं आयएसओ ६४०० वर १/१२५ सेकंद दिले. चिपळ्या बऱ्याच स्थिर आल्या. ग्रेन होताच, पण तो एकसारखा, फारसा रंग नसलेला, डोळ्याला सहन होणारा. घरी रॉ फाइल उघडून सावल्या उजळल्यावर तर अंतर आणखी दिसलं. नव्याच्या सावलीतून कोटाची घडी आणि बटणं वर आली, जुन्याच्या सावलीतून निव्वळ रंगीत कचरा. आठ वर्षांत सेन्सर सुधारला आहे, हे कुणीही मान्य करावं.

मग जुन्या कॅमेऱ्याला ३५ मिलिमीटरची एफ १.८ लेन्स लावली. निकॉनची ही डीएक्स लेन्स २००९ पासूनची, वजन जेमतेम २०० ग्रॅम, झूम नाही. अपर्चर पूर्ण उघडलं, आयएसओ १६०० वर उतरवला आणि शटर मिळालं १/२०० सेकंद. आयएसओ नव्या कॅमेऱ्याच्या पाव आणि शटर त्याहून वेगवान. चिपळ्या हवेत थांबल्या, कोट काळा राहिला, मागच्या मृदंगवाल्यानं हलकंसं धूसर होऊन बुवांना जागा करून दिली.

यामागचा हिशेब सोपा आहे. अपर्चर ४.५ वरून १.८ वर आलं की आत येणारा उजेड सहापट होतो. सेन्सरमधल्या आठ वर्षांच्या सुधारणेचा फायदा, माझ्या डोळ्यांनी पाहिलं त्याप्रमाणे, दुप्पट, फार तर तिप्पट. म्हणजे एका छोट्या लेन्सनं जुन्या कॅमेऱ्याला नव्याच्या पुढे नेलं. हीच लेन्स नव्याला लावली तर तो पुन्हा पुढे जाईल, हे उघड आहे. पण पैसे एकाच गोष्टीपुरते असतील तर ती गोष्ट कोणती, एवढाच इथे प्रश्न आहे. एफ १.८ वर फोकसची खोली फार थोडी असते हेही लक्षात असू द्या. दोन्ही कॅमेऱ्यांत फोकसचे अकरा बिंदू आहेत आणि त्यांतला फक्त मधला क्रॉस-टाइप आहे. अंधारात भरवसा त्याच्यावरच ठेवायचा.

डी३५०० च्या बॅटरीचं कौतुक सगळे करतात. एका चार्जवर १५५० फोटो, जुन्याचे ५५०. लग्नाच्या दिवशी, किंवा दुपारभर वीज गेलेली असते अशा गावात, ही फार मोठी सोय आहे. पण या आकड्याच्या पोटात आणखी एक गोष्ट आहे. ठरलेल्या मोजणीच्या पद्धतीत निम्म्या फोटोंना फ्लॅश उडवतात. डी३१०० आणि डी३३०० च्या अंगच्या फ्लॅशचा गाइड नंबर १२ होता. डी३४०० पासून तो ७ वर आणला. फ्लॅश दुबळा, म्हणून बॅटरीवर ताण कमी. वाढलेल्या आकड्यातला काही वाटा या कपातीचा आहे. खोक्यावर १५५० हा आकडा ठळक येतो, फ्लॅश कमी केल्याचं मात्र तिथे कुणी लिहीत नाही.

मला राग येतो तो इथे. डी३२०० आणि डी३३०० ला बाहेरचा माइक लावायची जागा होती. २०१६ च्या डी३४०० मध्ये ती काढली आणि डी३५०० मध्ये परत दिली नाही. ज्या काळात गावागावातली मुलं मुलाखती, लोककलावंतांच्या नोंदी, शेतीचे व्हिडिओ स्वतः शूट करू लागली, नेमक्या त्याच काळात त्यांना परवडणाऱ्या कॅमेऱ्यातून माइकचं भोक बुजवलं. सेन्सरवरची धूळ झटकणारी यंत्रणा डी३१०० मध्ये होती, डी३५०० मध्ये नाही. वायरचा रिमोट जुन्याला लागतो, नव्याला नाही. त्याऐवजी ब्लूटूथ आणि मोबाइलचं अॅप. ते आपोआप फोनवर पाठवतं ती दोन मेगापिक्सेलची छोटी आवृत्ती. वाय-फाय नाहीच.

यातली एकेक गोष्ट किरकोळ वाटेल. पण धूळ कुणाला छळते? ज्याच्याकडे सेन्सर साफ करून घ्यायला शहरातल्या सर्व्हिस सेंटरपर्यंत जायची सोय नाही, त्याला. वारीत, जत्रेत, उसाच्या फडात लेन्स बदलणाऱ्याला. माइक कुणाला लागतो? ज्याच्याकडे वेगळा रेकॉर्डर घ्यायला पैसे नाहीत, त्याला. महागड्या मॉडेलमध्ये या सोयी टिकल्या. काटछाट झाली ती सगळ्यात खालच्या पायरीवर. नवशिक्याला यातलं काय कळतंय, ही समजूत त्यामागे असावी असं मला वाटतं आणि ती मला मान्य नाही. नवशिक्याजवळ चूक निस्तरायला दुसरं साधन नसतं, म्हणून त्याच्याच कॅमेऱ्यात या गोष्टी आधी हव्यात.

म्हणूनच बॉडी घ्यायचीच असेल तर मी मधल्या डी३३०० कडे बोट दाखवतो. त्याच्यात २४.२ मेगापिक्सेल आहेत, सेकंदाला पाच फोटो आहेत, माइकची जागा आहे, धूळ झटकण्याची सोय आहे, चांगला फ्लॅश आहे. बॅटरी ७०० फोटोंची, तेवढी जास्तीची एक घेता येते. डी३५०० हलका आहे, त्याची मूठ जास्त खोल आहे, हातात तो छान बसतो, हे सगळं खरं. पण मुलाखत रेकॉर्ड करताना मूठ कामाला येत नाही.

आणि शिकायचं म्हटलं तर या आठ वर्षांत जवळजवळ काहीच बदललेलं नाही. व्ह्यूफाइंडर आजही चौकटीचा ९५ टक्केच भाग दाखवतो, तेव्हा कडेला नको ती गोष्ट घुसते आणि फोटोग्राफरला कडा पाहायची शिस्त लागते. अपर्चर आणि शटरसाठी एकच चाक. दोन्ही १२ बिटची रॉ फाइल देतात. वेगवेगळ्या उजेडाचे तीन फोटो आपोआप घेणारं ब्रॅकेटिंग दोघांतही नाही, ते हातानंच करावं लागतं आणि हातानं केल्यानंच एक्स्पोजर कळतं. उलट डी३१०० च्या मोड डायलखाली एक छोटी खटकी आहे. सिंगल, सलग आणि टायमर यांतला मोड मेनूत न शिरता बोटानं बदलतो. अशी वेगळी खटकी डी३५०० ला नाही.

आता खरेदीबद्दल, कारण लोक फसतात ते इथे. या दोन्ही कॅमेऱ्यांच्या बॉडीत फोकसची मोटर नाही. म्हणून ५० मिलिमीटरची जुनी ‘डी’ लेन्स स्वस्तात मिळाली तरी तिचा फोकस हातानं फिरवावा लागतो. ‘एएफ-एस’ असं लिहिलेली लेन्सच घ्या. याहून मोठा खड्डा ‘एएफ-पी’ लेन्सचा. डी३५०० बरोबर येणारी किट लेन्स या जातीची. ती डी३१०० वर बसते, खटकन लागते आणि मग फोकसच होत नाही, हातानंसुद्धा नाही, कारण तिची रिंगही बॉडीच्या विजेवर चालते. डी३३०० वर चालते, पण आधी फर्मवेअर अपडेट करावं लागतं. ‘निकॉनला निकॉनची लेन्स लागणारच’ या भरवशावर पैसे देऊन आलेल्यांची पत्रं मला येत असतात.

सेकंडहँड बॉडीचा शटर काउंट विचारा. निकॉनच्या मूळ फाइलमध्येच तो नोंदलेला असतो, एक ताजा फोटो काढून घरी तपासता येतो. या वर्गातल्या कॅमेऱ्याचं शटर लाखभर क्लिकपर्यंत टिकेल असं धरून व्यवहार करतात. लेन्स मात्र उजेडात आरपार पाहूनच घ्यायची. मुंबईत आणि कोकणात एका पावसाळ्यात काचेच्या आत फंगस धरतो, कोळ्याच्या जाळ्यासारखे बारीक धागे दिसतात. कपाटात कापडी बॅगेत गुंडाळून ठेवलेल्या लेन्सचे सर्वांत जास्त हाल होतात. घरी ठेवताना घट्ट झाकणाचा डबा, त्यात सिलिका जेलच्या पुड्या आणि आठवड्यातून एकदा बाहेर काढून वापर, एवढी काळजी पुरते.

डी३५०० चं उत्पादन २०२२ मध्ये थांबलं आणि निकॉनची ही खालची पायरी संपली. त्याच वर्षी नव्या शिकाऊंसाठी आलेल्या झेड३० मध्ये डोळा लावायला व्ह्यूफाइंडरच नाही. म्हणजे निकॉनचा आरशाचा स्वस्त कॅमेरा आता जुन्या बाजारातच मिळणार. याचा सगळ्यात जास्त विचार आपल्या कॉलेजांनी करायला हवा. अनेक विभागांच्या कपाटांत डी३१०० सारखे कॅमेरे आहेत आणि नवी यादी मंजूर झाली की ते निर्लेखनाच्या यादीत जातात. ते काढू नका. वर्गाला चार नव्या बॉड्या घेण्याच्या खर्चात जुन्या कितीतरी कॅमेऱ्यांना ३५ मिलिमीटरची एकेक लेन्स येईल. मग एका कॅमेऱ्यामागे सात-आठ मुलं रांगेत उभी राहणार नाहीत. प्रत्येकाला शनिवार-रविवार कॅमेरा घरी नेता येईल आणि संध्याकाळी ट्यूबलाइटच्या उजेडात आजीचा फोटो काढता येईल.