रंग न पाहण्याचा सोस

सरकारने माणसाचा रंग पाहू नये, हे म्हणणे कानाला इतके न्याय्य लागते की त्याला हरकत घेणाराच वर्णद्वेषी ठरावा. जो बायडेन यांनी २० जानेवारी २०२१ रोजी, सत्तेवर आल्याच्या पहिल्याच दिवशी, वांशिक समतेसाठी १३९८५ क्रमांकाचा आदेश काढून अमेरिकेच्या केंद्रीय खात्यांना विचारले: तुमच्या योजना कोणापर्यंत पोचत नाहीत? बरोबर चार वर्षांनी डोनाल्ड ट्रम्प यांनी तो रद्द केला. रंगाचा हिशेब ठेवणे हाच भेदभाव, असे रद्द करणाऱ्यांचे समर्थक म्हणतात. न्यू जर्सीतल्या आपल्या काही मंडळींनाही ते पटते. आरक्षणावरचे इथले वाद विमानाने तिकडे जातातच.

हा युक्तिवाद अलाबामातल्या लाउंड्स काउंटीत नेऊन पाहावा. कृष्णवर्णीयांच्या मतदानाच्या हक्कासाठी निघालेला १९६५ चा सेल्मा ते माँटगोमेरी मोर्चा याच काउंटीतून गेला. वस्ती बहुसंख्य कृष्णवर्णीय आणि गरीब. जमीन आपल्याकडच्या कापसाच्या काळ्या रानासारखी: पावसात फुगते, पाणी मुरू देत नाही. साधा सेप्टिक टँक आणि शोषखड्डा तिथे तुंबतो; टिकेल अशी व्यवस्था करायची तर हजारो डॉलर लागतात. म्हणून कितीतरी घरांचे मैलापाणी पाइपातून थेट परसात सोडलेले असते. २०१७ मध्ये संयुक्त राष्ट्रांचे दारिद्र्यविषयक प्रतिवेदक फिलिप ऑल्स्टन यांनी अलाबामात हे पाहिले तेव्हा श्रीमंत जगात असले दृश्य बघून तेही चक्रावले. राज्याच्या कायद्याने मात्र गुन्हेगार ठरत होता तो घरमालक! टँक बसवायला पैसे नाहीत, म्हणून फौजदारी कारवाईची टांगती तलवार.

१९६४ च्या नागरी हक्क कायद्याचा आधार घेऊन केंद्राच्या न्याय खात्याने नोव्हेंबर २०२१ मध्ये चौकशी सुरू केली आणि मे २०२३ मध्ये राज्याच्या आरोग्य विभागाशी करार झाला. त्यात काय होते? रहिवाशांवरची कारवाई थांबवा, कोणत्या घरांना व्यवस्था नाही ते शोधा, लोकांना आरोग्याच्या धोक्यांची माहिती द्या. गोऱ्याचे परस वगळा, असे त्यात कुठेही नव्हते. तरीही एप्रिल २०२५ मध्ये त्याच न्याय खात्याने, हे बेकायदा ‘डीईआय’ (विविधता, समता, समावेशन) आहे, असे सांगून करार मोडला. राज्याने हातातले पैसे संपेपर्यंत काम चालू ठेवू म्हटले, ते ठीक. पण त्यानंतर ते राज्याच्या मर्जीवर.

रंग पाहून मोजणे आणि रंग पाहून वाटणे, या दोन गोष्टी अशा हिशेबाचे विरोधक मुद्दाम एकत्र कालवतात. मोजलेच नाही तर कायदा कोणाच्या डोक्यावरून गेला हे कळणार कसे? १९३५ च्या सामाजिक सुरक्षा कायद्यात वृद्धापकाळाच्या पेन्शनमधून शेतमजूर आणि घरकामगार वगळले होते. गोरे मजूरही त्यात सापडले, हे खरे. कायद्यात काळा-गोरा असा शब्दही नव्हता. पण दक्षिणेत त्या काळी कृष्णवर्णीय माणूस मुख्यतः याच दोन कामांत होता. निव्वळ मजकूर वाचून या कायद्यात खोट काढता येत नाही.

वाटपाबाबत मात्र विरोधकांचा एक मुद्दा मी मान्य करतो. मार्च २०२१ च्या कायद्याने कृष्णवर्णीय आणि इतर अल्पसंख्य शेतकऱ्यांची सुमारे ४ अब्ज डॉलरची कर्जमाफी ठरवली. कोणाचा अर्ज कृषी खात्याने कधी डावलला हे न बघता केवळ वंशावर ती बेतली होती. गोरे शेतकरी न्यायालयात गेले, जूनमध्येच स्थगिती मिळाली. कायदा ढिसाळ लिहिला होता, दुसरे काय? २०२२ मध्ये ती तरतूद मागे घेऊन अमेरिकी संसदेने नवी केली: कृषी खात्याच्या कर्जयोजनांत ज्याला भेदभाव सोसावा लागला त्याला मदत, मग तो कोणत्याही रंगाचा असो. जुलै २०२४ मध्ये ४३ हजारांहून अधिक जणांना मिळून सुमारे २ अब्ज डॉलर पोचले. सर्वाधिक पैसे गेले मिसिसिपी आणि अलाबामात. अन्याय नेमका हेरला की मदत जिथे जायची तिथेच जाते, न्यायालयातही अडकत नाही.

उरला शेवटचा, सगळ्यांत सभ्य दिसणारा आक्षेप: रंग कशाला, गरिबी बघा. बायडेन सरकारने तेही करून पाहिले. हवामान आणि प्रदूषणविषयक गुंतवणुकीच्या लाभापैकी ४० टक्के वंचित वस्त्यांना मिळावेत म्हणून एक नकाशा तयार केला. वस्ती निवडताना उत्पन्न, प्रदूषण, आजार, घरांची अवस्था हे निकष लावले. वंश हा निकष जाणूनबुजून बाहेर ठेवला. त्यासाठी स्वतःच्याच समर्थकांची बोलणी खाल्ली. जानेवारी २०२५ मध्ये तो नकाशाही सरकारी संकेतस्थळावरून उतरवला गेला. ‘रंग नको, गरिबी बघा’ म्हणणाऱ्यांपैकी त्या वेळी कोणी हरकत घेतल्याचे माझ्या तरी वाचनात आलेले नाही.