उपचार संपल्यानंतर

कर्करोग झालेल्या मुलाला घेऊन मुलुंड-घाटकोपरहून परळच्या टाटा रुग्णालयात वर्षानुवर्षे खेटे घालणाऱ्या आईबापांना ‘आता औषध बंद’ हे शब्द ऐकून हायसे वाटते. पण बुडालेली शाळा, दुखणे उलटण्याची धास्ती, केमोथेरपीचे हृदयावर किंवा मूल होण्याच्या क्षमतेवर होऊ शकणारे परिणाम आणि पुढे लग्नाच्या बोलणीत ‘सांगायचे की लपवायचे’ हा प्रश्न मुलाची पाठ सोडत नाही. मुलींना तर तो अधिकच छळतो. डॉ. पूर्णा कुरकुरे यांच्या पुढाकाराने १९९१ मध्ये टाटामध्ये सुरू झालेले उपचारोत्तर क्लिनिक याच मुलांसाठी आहे. बऱ्या झालेल्यांचा ‘उगम’ हा गटही नव्यांना धीर देतो. तुमच्या सोसायटीत असे मूल असेल, तर त्याला खेळायला बोलवा. त्याची वार्षिक तपासणी चुकू देऊ नका.