रस्ता रुंद होताना गावाला केव्हा विचारावे?



मार्च २०२५ मध्ये पर्वरी येथे राष्ट्रीय महामार्ग ६६ वरील उड्डाणपुलासाठी श्री देव खाप्रेश्वराचे स्थान हलविण्यात आले आणि त्यावर छाया धरून असलेला जुना वटवृक्ष मुळासकट काढून अन्यत्र नेण्यात आला. भाविकांचा तीव्र विरोध होता, पोलीस बंदोबस्तही होता. त्यानंतर अनेक भाविकांनी आमच्याकडे एकच प्रश्न विचारला: आपल्या देवस्थानासमोरचा रस्ता उद्या रुंद करावयाचे ठरले तर आपल्याला कोणी विचारील काय? या प्रश्नाचे उत्तर कायद्यात शोधले असता जे हाती लागते ते फारसे दिलासा देणारे नाही. म्हणूनच हा लेखप्रपंच.

राष्ट्रीय महामार्गासाठी भूमी घेतली जाते ती १९५६ च्या राष्ट्रीय महामार्ग अधिनियमाखाली. कलम ३अ अन्वये सरकार राजपत्रात आपला मनोदय प्रसिद्ध करते, आणि त्याचा गोषवारा दोन स्थानिक वृत्तपत्रांत येतो, त्यांपैकी एक देशी भाषेतील. तेथून २१ दिवसांच्या आत ज्याचा त्या भूमीत हितसंबंध आहे त्याने सक्षम अधिकाऱ्याकडे लेखी हरकत नोंदवावयाची असते. अधिकारी सुनावणी घेतो, व त्या हरकतीवर त्याने दिलेला आदेश अंतिम असतो. पुढे कलम ३ड खालील घोषणा झाली की भूमी केंद्र सरकारची होते.

यात दोन अडचणी आहेत. पहिली वेळेची. राजपत्रात सर्व्हे क्रमांक छापून येतात तेव्हा रस्त्याची आखणी कागदावर पक्की झालेली असते, सल्लागाराचा अहवाल तयार असतो, मोऱ्या कोठे व पूल कोठे हे ठरलेले असते. अशा वेळी हरकत घेणारा माणूस फार तर मोबदल्याविषयी भांडू शकतो. वळण दहा मीटर अलीकडे घ्या असे म्हणण्याची घटका टळून गेलेली असते.

दुसरी अडचण अधिक खोल आहे. कायदा हितसंबंध ओळखतो तो भूमीतला. देव ही विधिमान्य व्यक्ती असल्याने देवळाच्या मालकीच्या जागेसाठी समिती हरकत घेऊ शकते. परंतु पालखीची वाट ही कोणाची मालमत्ता आहे? शिगम्यात मेळ ज्या मांडावर थांबतो तो मांड, वेशीवरचा राखणदार, त्याचे झाड, त्याच्यापुढे ठेवलेली चार पाषाणे यांची नोंद नमुना एक व चौदामध्ये बहुधा सापडत नाही. सापडली तर जागा कोमुनिदादची किंवा तिसऱ्याच कोणाच्या नावावर असते. सर्वेक्षकाच्या दृष्टीने तेथे एक झाड आहे, एवढेच. गावाच्या दृष्टीने तेथे गावाची सीमा आहे.

२०१३ च्या भूसंपादन कायद्यात सामाजिक परिणामांचे मूल्यमापन करून गावात जाहीर सुनावणी घेण्याची तरतूद आहे, ती आपल्या कामी येईल असे कित्येकांना वाटते. पण राष्ट्रीय महामार्ग अधिनियम त्या कायद्याच्या चौथ्या अनुसूचीत असल्याने ही तरतूद महामार्गांना लागू होत नाही. १ जानेवारी २०१५ पासून मोबदला व पुनर्वसनाची कलमे तेवढी लागू झाली. पर्यावरणविषयक सुनावणीचेही तसेच: २०१३ च्या दुरुस्तीनुसार १०० किलोमीटरहून लांब आणि सध्याच्या आखणीवर ४० मीटरहून जास्त वाढीव रुंदीच्या विस्तारालाच पूर्वमंजुरी लागते. गोव्यातली कामे तुकड्यातुकड्यांनी निघतात.

या पार्श्वभूमीवर फोंडा तालुक्यातील भोम गावाचे उदाहरण पाहण्यासारखे आहे. पणजीहून बेळगावकडे जाणारा पूर्वीचा महामार्ग ४अ, आताचा ७४८, या गावाच्या मधोमध जातो. देवळे व घरे रस्त्याला लागून आहेत. चौपदरीकरणाची योजना येताच ग्रामस्थांनी गावाबाहेरून बगलमार्ग काढण्याची मागणी केली. २०२३ मध्ये सरकारतर्फे ग्रामस्थांपुढे आराखड्याचे सादरीकरण झाले, चर्चा झाल्या, पण समाधान झाले नाही. त्यांची मागणी योग्य की अयोग्य हे सांगण्याचा अधिकार मला नाही. बगलमार्गाखाली दुसऱ्या कोणाची शेती जाते, हाही प्रश्न आहेच. मला दिसते ते इतकेच की सादरीकरण तयार आराखड्याचे होते. पुढ्यात दोन-तीन आखण्या ठेवून कोणती बरी असे विचारणे निराळे, आणि ठरलेली आखणी समजावून सांगणे निराळे. दुसऱ्या प्रकाराला लोकसहभाग म्हणता येणार नाही, त्यासाठी कितीही खुर्च्या मांडल्या तरी.

शासनाचाही यात लाभच आहे. खाजन जमिनीवर भराव टाकताना भरतीचे पाणी कोणत्या मानशीतून आत येते व कोणत्या वाटेने परतते, कोणत्या टेकडीची माती पावसात सरकते, हे गावातील वृद्ध शेतकऱ्याइतके कोणत्याही सल्लागाराला ठाऊक नसते. २०२४ च्या पावसाळ्यात पेडणे तालुक्यात मालपे येथे महामार्गालगत डोंगर खचला, तो प्रसंग ताजा आहे. रुंद रस्ता हवा, अपघात टळावेत, याविषयी गावात दुमत नाही. आपल्या जत्रेच्या दिवशी वाहनांची जी कोंडी होते ती आपणच भोगतो.

देवस्थानांनीही पथ्य पाळले पाहिजे. २९ सप्टेंबर २००९ च्या आदेशाने सर्वोच्च न्यायालयाने सार्वजनिक रस्त्यांवर कोणत्याही धर्माचे नवे अनधिकृत बांधकाम होऊ देऊ नये असे बजावले. जुन्या बांधकामांचा निर्णय राज्यांनी एकेका प्रकरणाचा विचार करून घ्यावयाचा आहे. रुंदीकरणाची कुणकुण लागताच रातोरात घुमटी उभारण्याचे प्रकार काही ठिकाणी घडतात. त्यामुळे खऱ्या, पिढ्यान्‌पिढ्यांच्या स्थानांकडेही अधिकारी संशयाने पाहू लागतात.

तेव्हा करावयाचे ते अधिसूचनेच्या आधी. पालखीचा मार्ग, तिच्या थांब्यांच्या जागा, राखणदार, जुने वृक्ष, तळी व तिला पाणी आणणारे पाट, हे सर्व सर्व्हे क्रमांकांसह एका नकाशावर उतरवून, ग्रामसभेत मांडून, ठरावासह पंचायत, मामलेदार व सार्वजनिक बांधकाम खात्याच्या दप्तरी दाखल करावे. गोव्यात ग्रामसभेच्या साधारण बैठका वर्षातून चार वेळा होतात, म्हणजे संधी वारंवार येते. अशा ठरावाने सरकार बांधले जात नाही; मात्र आखणी करणाऱ्याला ‘आम्हांस ठाऊक नव्हते’ असे नंतर म्हणता येत नाही, आणि २१ दिवसांच्या मुदतीत हरकत लिहावी लागलीच तर पुरावा हाताशी असतो.

असा नकाशा तयार करण्याचा प्रस्ताव मी समितीच्या येत्या बैठकीत मांडणार आहे. ज्यांच्या घरी जुने सनद-कागद, पालखीची जुनी छायाचित्रे अथवा मानकऱ्यांच्या वह्या असतील त्यांनी त्यांच्या प्रती देवस्थानच्या कार्यालयात आणून द्याव्यात. मूळ कागद स्वतःजवळच ठेवावेत. वयोवृद्ध महाजनांनी मात्र केवळ कागदांवर न थांबता एखाद्या सकाळी आमच्याबरोबर वेशीपर्यंत चालत यावे, ही विनंती.

— चिटणीस