परद्वीपींची सेवा आणि पहूरची कसोटी

आमच्या सुशिक्षित घरांत हल्लीं एक नवी हौस बळावली आहे. पदवी हातीं पडतांच उष्ण कटिबंधांतील एखाद्या बेटावर तीन आठवडे 'स्वयंसेवक' म्हणून जावें, तेथील शाळेची भिंत रंगवावी, मुलांना चार इंग्रजी शब्द शिकवावे, आणि छायाचित्रांचा गठ्ठा घेऊन परतावें! पैसे घेऊन ही सारी सोय लावून देणाऱ्या संस्थाही निघाल्या आहेत. आमचें भांडण समुद्र ओलांडण्याशीं नाहीं. या सहलीस सेवेचें नांव देण्याशीं आहे. 'आधीं घरचें पाहा' असें बजावणाऱ्या वडीलधाऱ्यांचा पक्षही आम्हांस मान्य नाहीं. कारण असें बजावणारे बहुधा घरचेंही पाहत नाहींत.

या हौशीची परीक्षा करावयाची तर ती पहुरास करावी. पहूर हें जळगांवहून अजिंठ्यास जाणाऱ्या रस्त्यावरचें गांव. लेणीं पाहावयास निघालेले परदेशी पाहुणे त्यावरून जातात. समजा, त्यांतील एक तरुण खालीं उतरला व म्हणाला, "मी तुमची सेवा करावयास आलों आहें." त्यास येथील बोलीचा एक शब्द कळत नाहीं, कपाशीची वेचणी कधीं असते आणि त्या दिवसांत मुलें शाळेंतून कां गळतात, हें त्यास ठाऊक नाहीं, कळण्याची भाकरी त्यास उतरत नाहीं. तो भिंत रंगवितो, मुलांच्या खांद्यांवर हात ठेवून छायाचित्र काढवितो आणि एकविसाव्या दिवशीं निघून जातो. पहूरकर त्यास चहा पाजतील, नारळही देतील. पण त्यास सेवक म्हणतील काय? जें आपल्या दारीं हास्यास्पद, तेंच दुसऱ्याच्या बेटावर पुण्यकर्म कसें ठरतें, हें या हौशी मंडळींनीं एकदां सांगावें.

बेटावर जाऊन खरी सेवा केल्याचें उदाहरण आपल्यापुढें नाहीं असें नव्हे. 1834 पासून 1920 पर्यंत जवळजवळ पांच लाख हिंदी मजूर करारबद्ध होऊन मॉरिशस बेटांत उतरले. त्यांत मुंबई बंदरांतून गेलेले मराठी लोकही होते. उसाच्या मळ्यांत राबून त्यांनीं घरें वसविलीं. गणेशचतुर्थी तेथें आज सार्वजनिक सुटीचा दिवस आहे. 1901 मध्यें गांधीजींनीं त्या बेटावर कांहीं दिवस काढले, आणि पुढें त्यांच्याच सांगण्यावरून 1907 सालीं बॅरिस्टर मणिलाल डॉक्टर तेथें गेले. ('डॉक्टर' हें त्यांचें आडनांव.) ते 1911 पर्यंत राहिले, मजुरांचे खटले लढले, आणि 1909 च्या राजनियुक्त आयोगापुढें त्यांनीं मजुरांची बाजू मांडली. त्याच वर्षीं त्यांनीं 'हिंदुस्थानी' हें पत्र काढलें; तें आरंभीं इंग्रजी व गुजराती होतें, पण पुढें गुजरातीची जागा हिंदीनें घेतली. मणिलाल स्वतः गुजराती. तरीही पत्रानें वाचकाची भाषा धरली. सेवेचें सारें मर्म या एका फेरबदलांत आहे.

डॉ. द्वारकानाथ कोटणीस यांचें चरित्र मराठी वाचकांस नवें नाहीं. चीन हें कांहीं बेट नव्हे. पण परभूमींत रुजावें कसें, याचा धडा तेथेंही तोच. 1938 सालीं काँग्रेसनें धाडलेल्या पांच डॉक्टरांच्या पथकांतून सोलापूरचा हा तरुण गेला, चिनी भाषा शिकला, तेथेंच लग्न केलें, आणि 9 डिसेंबर 1942 रोजीं, अवघ्या बत्तिसाव्या वर्षीं, तेथेंच वारला. त्यानें भिंती रंगविल्या नाहींत. त्याच्या हातांत जें कसब होतें, त्याचीच तेथें गरज होती.

यावर आक्षेप येईल कीं, सर्वांस कोटणीस होतां येत नाहीं. कांहींच न करण्यापेक्षां थोडें केलेलें बरें. हा युक्तिवाद वरवर गोड आहे. परंतु जी भिंत बेटावरचा रंगारी मजुरी घेऊन रंगवूं शकला असता, ती आपण हौसेनें रंगविली, तर त्याची तेवढी मजुरी बुडाली. आणि दर महिन्यास नवा गुरुजी पाहणाऱ्या मुलांच्या मनावर इतकेंच ठसतें कीं, माया लावणारे लोक निघून जाण्यासाठींच येत असतात. असें थोडें करण्यापेक्षां न केलेलें बरें.

म्हणून पालकांस आमचें सांगणें असें: मुलगा वा मुलगी परद्वीपीं जावयास निघाली तर अडवूं नका, पण तीन प्रश्न विचारा. तेथील भाषा शिकण्यास किती महिने देणार? तुझ्या अंगीं असें कोणतें कसब आहे, कीं जें तेथें मिळत नाहीं? आणि तुला बोलाविलें कोणीं, तेथील लोकांनीं कीं तिकीट विकणारानें? उत्तरें समाधानकारक असतील तर आनंदानें निरोप द्या, आणि वर्षापूर्वीं परत बोलावूं नका. नसतील, तर सहलीला खुशाल पाठवा. फक्त तिला सहलच म्हणा.