ओळख राज्यांची : युटा – तळ्याचा वाटा

युटा म्हटलं की झायन, ब्राइस कॅन्यन, आर्चेसचे लाल खडक आठवतात. आपल्यापैकी अनेकांच्या अल्बममध्ये ते आहेतच. पण या सदरात आपण माणसं कशावर जगतात ते पाहतो, आणि युटात त्याचं उत्तर एकच आहे : बर्फाचं पाणी.

क्षेत्रफळात युटा महाराष्ट्राच्या सुमारे सत्तर टक्के भरतं. 2020 च्या जनगणनेत लोकसंख्या मात्र जेमतेम 33 लाख. त्यातले पाचापैकी चार जण वॉसॅच डोंगराच्या पायथ्याच्या चिंचोळ्या पट्टीत राहतात. बाकी बरंचसं वाळवंट. हिवाळ्यात डोंगरावर बर्फ साठतं, उन्हाळ्यात ते वितळून खाली येतं, त्यावर सगळा संसार.

जुलै 1847 मध्ये ब्रिगहॅम यंग यांच्याबरोबर मॉर्मन पंथाचे लोक इथे आले. धर्मावरून झालेल्या छळामुळे त्यांना इलिनॉय सोडावं लागलं होतं. आल्या आल्या त्यांनी ओढा अडवला, कोरडी जमीन भिजवली आणि बटाटे लावले. पुढे गावोगाव लोकांनी मिळून पाट खणले, पाळ्या ठरवल्या, पाणी सोडायला माणूस नेमला. धुळे-नाशिककडच्या वाचकांना आपली फड पद्धत आणि तिचा पाटकरी आठवेल. राज्याच्या झेंड्यावर मधमाश्यांचं पोळं आहे, ते या एकजुटीच्या कष्टाचं चिन्ह. मात्र ज्या यूट लोकांवरून राज्याला नाव मिळालं, त्यांच्या हातून याच सुपीक जागा गेल्या, हेही विसरायला नको.

पाटांची वाटणी चोख होती, पण तिच्यात एक वाटेकरी धरलाच नव्हता : ग्रेट सॉल्ट लेक. बेअर, वेबर आणि जॉर्डन या नद्या या तळ्याला मिळतात, आणि तळ्यातून बाहेर मात्र काहीच वाहत नाही. पाणी जातं ते फक्त वाफ होऊन, मीठ मागे राहतं. म्हणजे वर शेतात मुरलेलं पाणी तळ्यापर्यंत पोचतच नाही. 1980 च्या दशकात तळं इतकं फुगलं की सरकारला जास्तीचं पाणी वाळवंटात टाकायला मोठे पंप बसवावे लागले. नोव्हेंबर 2022 मध्ये तेच तळं नोंदीतल्या सर्वांत खालच्या पातळीला गेलं, 1987 पेक्षा सुमारे 23 फूट खाली. तळं उथळ, त्यामुळे काठ मैलोन् मैल मागे सरला.

खारं पाणी, त्याचा काय उपयोग, असं वाटेल. पण या तळ्यातून मीठ आणि मॅग्नेशियमचे क्षार निघतात. यात मासे नाहीत, पण नखाएवढे बारीक कोळंबीसारखे जीव असतात. त्यांची अंडी जगभरच्या कोळंबी आणि मत्स्यबीज केंद्रांत पिल्लांचं खाद्य म्हणून जातात. लाखो स्थलांतरित पक्षी इथे थांबून पोट भरतात. तळ्यावरच्या ओलाव्याने डोंगरावरच्या बर्फातही थोडी भर पडते, आणि त्या बर्फावर स्कीइंगचा धंदा चालतो. 2034 चं हिवाळी ऑलिंपिक इथेच व्हायचं आहे. तळ उघडा पडला तर आर्सेनिक असलेली धूळ उडून थेट शहरांवर येते, ही सगळ्यांत मोठी काळजी.

तळ्याचा उत्तरेचा भाग गुलाबी दिसतो. 1959 मध्ये रेल्वेसाठी दगडांचा भराव घातला, त्यामुळे नद्यांचं गोडं पाणी तिकडे फारसं पोचत नाही आणि खारटपणा खूप वाढला. अशा पाण्यात रंगीत सूक्ष्मजीव वाढतात. जून 2020 मध्ये बुलढाण्याचं लोणार सरोवर गुलाबी झालं, तेव्हा पुण्याच्या आघारकर संशोधन संस्थेला तिथे याच गटातले जीव सापडले होते.

मग पाणी जातं कुठे? नळांना आणि हिरवळींना जातंच, पण मोठा वाटा शेतीचा, आणि शेतीत गुरांच्या लसूणघासाचा. आपल्याकडे उसाचा विषय निघाला की जे होतं, तेच इथे होतं. शेतकऱ्याला दोष देणं सोपं आहे. पण पाणी वापरलं नाही तर त्यावरचा हक्क जाईल, असा कायदाच होता. बचत करणाराच नुकसानीत! 2022 मध्ये तो बदलला. आता शेतकरी आपलं पाणी हक्क न गमावता तळ्याकडे सोडू शकतो.

2023 मध्ये विक्रमी बर्फ पडलं, पातळी काही फूट वर आली आणि लोकांनी सुटकेचा श्वास टाकला. पण एका चांगल्या हिवाळ्याने अनेक वर्षांची तूट भरत नाही. पावणेदोनशे वर्षांपूर्वी ज्यांनी शेजाऱ्याचा वाटा न चुकता सोडला, त्यांच्या पणतू-खापरपणतूंना आता तळ्याची पाळीही लावायची आहे. कायद्याने दार उघडलंय. पाणी किती सुटतं, ते दर उन्हाळ्यात काठावरच्या रेषेवरून कळेल. पुढच्या सुट्टीत लाल खडक बघायला जाल, तेव्हा अर्धा दिवस या काठासाठीही ठेवा.