दहा सेंटची कादंबरी

व्हॉट्सॲप ग्रुपवर एखाद्या कादंबरीची पीडीएफ आली की तुम्हीही लगेच सेव्ह करून ठेवता ना? खरं सांगू, मीही तेच करायचे. मग जॉर्ज मन्रोबद्दल वाचलं.

न्यूयॉर्कच्या या प्रकाशकाने १८७७ मध्ये ‘सीसाइड लायब्ररी’ ही मालिका सुरू केली. ज्यूल व्हर्नच्या साहसकथाही तिच्यात इंग्रजीतून निघाल्या. वर्तमानपत्रासारखे कॉलम, साधा कागद आणि किंमत दहा-वीस सेंट! महागडी पुस्तकं न परवडणाऱ्यांनाही कादंबरी विकत घेता येऊ लागली.

पण ही स्वस्ताई आली कुठून? परदेशी लेखकांना तेव्हा अमेरिकेत कॉपीराइटच नव्हता, त्यामुळे त्यांना पैसे देण्याचं बंधनही नव्हतं. फटका अमेरिकन लेखकांनाही बसला. परदेशी कादंबरी फुकट छापता येत असताना त्यांना मानधन कोण देणार? शेवटी १८९१ च्या कायद्याने परदेशी लेखकांना काही अटींवर हक्क मिळाला.

आपल्या लेखकांना तर आज कायद्याचं संरक्षण आहे, तरी पीडीएफ फिरतेच. महाराष्ट्राबाहेर मराठी पुस्तकं सहज मिळत नाहीत, हे मान्य. पण ई-बुक विकत घेता येतं, मैत्रिणीकडून पुस्तक वाचायला आणता येतं. पुढची पीडीएफ फॉरवर्ड करण्याआधी एवढंच आठवा: आपल्याला फुकट मिळालेल्या पुस्तकाची किंमत कुणीतरी मोजलेली असते.